आमचं तेल गोठत नाही

प्रसेनजितचं म्हणणं असं, की बायोडिझेल करणं फारसं अवघड नाही. केलेलं बायोडिझेल कसं वागेल हे आधी सांगणं अवघड. मेहकरच्या डोणगाव रोडवरच्या शिक्षक कॉलनीचं म्हणणं वेगळं होतं. कॉलनीच्या मते सगळ्यात अवघड होतं ते भाऊराव गुरुजींच्या एम.एस्सी. झालेल्या मुलाला दिवाळीनंतर कॅन घेऊन दारोदार फिरताना बघणं.

"काकू, तळणीचं तेल उरलंय का?" असं तो विचारायचा आणि आतून आधी वाटीभर चिवडा यायचा. पोरगं भुकेलं आहे आणि सांगायला लाजतंय, असा लोकांचा समज. प्रसेनजित चिवडा खायचा, कारण नाही म्हटलं तर लाडू यायचा, आणि मग पुन्हा तेलाचं विचारायचा. तेल मिळालं, की त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असे : "कशाचं आहे?"

हा दुसरा प्रश्न त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. तेल हा काही एकसंध पदार्थ नव्हे, ती एक कॉलनीच असते. पामिटिक, ओलेइक, लिनोलेइक अशी निरनिराळ्या स्वभावाची आम्लं तिथे शेजारीशेजारी बिऱ्हाड करून राहतात. कोणाचं प्रमाण किती हे कळलं, की त्या तेलाचं डिझेल किती दाट होईल, किती जड होईल, इंजिनात किती चटकन पेट घेईल आणि कोणत्या थंडीत गढुळायला लागेल, हे सगळं बसल्याजागी गणिताने काढता येतं. पामिटिकची मंडळी सरळ आणि शिस्तीची. जरा गारठा पडला की रांगेत बसून घट्ट होतात. लिनोलेइकची वाकडी, त्यांची रांग काही केल्या लागत नाही, म्हणून ती थंडीतही पातळ राहतात.

"म्हणजे वाकड्या माणसाचा थंडीत उपयोग होते म्हण," शेजारचे कडूबाकाका हे ऐकून म्हणाले. "मंग आमच्या साडभावाले टाक टाकीत."

कडूबाकाका कृषी खात्यातून निवृत्त झालेले होते आणि सल्ला देणं त्यांनी मात्र अजून सोडलेलं नव्हतं. वास मारतो म्हणून डिझेलमध्ये केवड्याचं अत्तर घालावं, रंग फिका आहे म्हणून थोडी हळद घालावी आणि सगळ्यात उत्तम म्हणजे हा उद्योग सोडून बी.एड. करावं, असे तीन सल्ले त्यांनी एकाच चहात दिले होते.

आता कोणी विचारेल, गणित कशाला, सरळ तपासून का नाही घेतलं? घेतलं असतं. प्रसेनजित बाटली घेऊन एका तपासणी केंद्रात गेलाही होता. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "पंप कोणता?"

"पंप नाही. मी घरी केलंय."

"पंप नाही तं मंग हे डिझेल कायचं?"

"डिझेल आहे का, तेच तपासायचं आहे."

"हे पाहा, डिझेल असल्याशिवाय आम्हाले तपासता येत नाही. अन् पंपावरून आल्याशिवाय आम्ही त्याले डिझेल म्हणत नाही." बाबू माणूस चांगला होता. त्याने बाटलीचं झाकण उघडून हुंगलं आणि आवाज उतरवून विचारलं, "चकली केली होती का याच्यात?"

तेव्हा राहता राहिलं गणित. कॉलेजातल्या सरांनी प्रयोगशाळेतून लागणारी रसायनं दिली होती, ती एका अटीवर : घटकांवरून काढलेले गुणधर्म प्रत्यक्षाशी कितपत जुळतात, हे लिहून द्यायचं. म्हणून तो घरोघर इतक्या काटेकोरपणे विचारत होता.

आणि घरोघर त्याला तितकीच काटेकोर उत्तरं मिळत होती.

"करडईचं," रुखमाकाकूंनी सांगितलं. या कडूबाकाकांच्या पत्नी. "तेही घाण्यावरचं. आमच्या घरात दुसरं तेल येतच नाही, विचार काकाले."

काकांना विचारायची सोय नव्हती, कारण ते त्या वेळी छताकडे बघत होते.

"सूर्यफूल," पलीकडच्या सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे त्यांचं उत्तर तपासून पाहावं असं कोणालाच कधी वाटलं नव्हतं. "डॉक्टरनं सांगितलं हाय नं मले."

"सोयाबीन" असं साधं उत्तर दिलं ते फक्त भाडेकरूंच्या दोनतीन घरांनी. त्यांना कॉलनीत कायमचं राहायचं नव्हतं.

राहिलं त्याचं स्वतःचं घर. तिथे विचारायचं काही कारणच नव्हतं. जनकाबाईंच्या फडताळात करडईच्या फुलाचं चित्र असलेला पत्र्याचा डबा प्रसेनजित लहानपणापासून बघत आला होता. भाऊराव गुरुजी प्रत्येक भज्यागणिक म्हणत, "करडई ते करडई. चव लपत नाही." तरी प्रसेनजित शास्त्राचा विद्यार्थी, त्याने चित्रावर आणि चवीवर विसंबून न राहता एक निरीक्षणही केलं होतं. ऐन पौषात, हात पाण्यात घालवत नाही अशा सकाळीही, आईच्या डब्यातलं तेल पाण्यासारखं पातळ असायचं. पाम तेल असतं तर पांढरंफटक होऊन बसलं असतं. सिद्ध झालं.

आई स्वतःही हे अभिमानाने सांगायची : "आमचं तेल गोठत नाही."

सगळे आकडे सूत्रात घातल्यावर उत्तर आलं, की हे डिझेल शून्य अंशाच्या आसपास गढुळेल. मेहकरात शून्य अंश तापमान होण्याची शक्यता नव्हती. प्रसेनजितने हे घरात, कॉलनीत आणि न विचारता दूधवाल्यालाही सांगितलं.

पुढे जे झालं त्याला कारण गणेश. कडूबाकाकांचा हा धाकटा मुलगा, प्रसेनजितचा बालमित्र. त्याचं उंद्रीच्या सुचिताशी जमलं होतं आणि डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला उंद्रीला साखरपुडा होता. अडचण एकच होती : सुचिताचे आजोबा. ते फौजेतून आलेले होते आणि वेळेच्या बाबतीत अजून फौजेतच होते. बोलणी करायला जाताना कडूबाकाका तासभर उशिरा पोचले, तेव्हा आजोबांनी चहा दिला, पोहे दिले आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या टाइमाले असं झालं, तं आपलं जमलं नाही असं समजा."

गणेश आणि मित्रमंडळी मंडप बघायला पहाटेच मोटारीने पुढे जाणार होती. वडीलधाऱ्यांसाठी भाऊराव गुरुजींची जुनी डिझेल जीप ठरली. साडी, अंगठी, ओटीचं सामान, सगळं जीपमध्ये.

"बाबा, माझं इंधन वापरूया," प्रसेनजित म्हणाला. "पूर्ण टाकी."

भाऊराव गुरुजींचा त्या जीपवर फार जीव होता. तिला ते ऊन लागू देत नसत. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, पाण्याच्या बंबाशेजारी ती उभी असे. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "तुले खात्री हाय?"

"गणित आहे बाबा."

"गणिताची खात्री असतेच," गुरुजी म्हणाले. "बाकीच्याचं विचारून राह्यलो." पण त्यांनी किल्ली दिली.

"अर्धं तरी खरं डिझेल टाक," कडूबाकाका म्हणाले. हा त्यांचा आयुष्यातला एकमेव योग्य सल्ला असावा, आणि सवयीने तोही कोणी ऐकला नाही.

गणेशने निघण्यापूर्वी प्रसेनजितला बाजूला घेतलं. "पश्या, हे पाय धरतो तुहे. टाइमावर आण. मले दुसरी पोरगी पाहाची नाही."

सकाळी जीप पहिल्या चावीला सुरू झाली. प्रसेनजितने मान जरा उंच केली. त्याच्या शेजारी गुरुजी आणि कडूबाकाका, मागे तिघीजणी, म्हणजे रुखमाकाकू, सत्यभामाबाई आणि जनकाबाई, त्यांच्या मांडीवर परडी, पिशव्या, शाली. गाडीच्या मागे खमंग वास सुटला होता आणि पहिल्या गावात तीन कुत्री बरीच लांबवर पाठवणीला आली. बाहेर कडाक्याचा गारठा होता. वारा तुरीच्या शेतांवरून येऊन थेट हाडात शिरत होता.

अर्धा रस्ता उत्तम गेला. मग जीपने एक उचकी दिली. मग दुसरी. मग एक लांब सुस्कारा सोडून ती रस्त्याच्या कडेला एका हरभऱ्याच्या शेताशी थांबली, ती अशी की जणू तिला इथेच उतरायचं होतं.

"हवा धरली असंन," कडूबाकाका म्हणाले.

प्रसेनजितने बॉनेट उघडलं, फिल्टर खोलला आणि तो तसाच उभा राहिला. फिल्टरमध्ये डिझेल नव्हतं. पांढरं, रवाळ, नुकतंच कढवून थंड झालेल्या तुपासारखं काहीतरी गच्च बसलेलं होतं. सुरुवातीला गाडी चालली ती नळीत उरलेल्या जुन्या डिझेलवर, आणि टाकी बंबाशेजारी पहाटेपासून उबेत होती म्हणून. वारा लागला आणि आतलं सगळं गोठलं, एवढं त्याला लगेच समजलं. पण का गोठलं? बाहेर नऊदहा अंश होते. गणित शून्याचं होतं. दहा अंश म्हणजे काही दशांशाची चूक नव्हे.

"कुठे चुकलं?" तो स्वतःशीच बोलायला लागला. "धुण्यात पाणी राहिलं? साबण झाला? का सूत्रच..." हातात फिल्टर धरून तो फेऱ्या मारू लागला. इतक्या वर्षांच्या शिक्षणावरचा त्याचा विश्वास त्या फिल्टरसारखाच गोठून बसला होता.

मागे मात्र निराळंच चाललं होतं. तिघी बायका खाली उतरल्या, तिघींनी फिल्टरमध्ये डोकावून बघितलं आणि तिघी एकदम गप्प झाल्या. ज्या बायका मेहकरपासून एक मिनिट थांबल्या नव्हत्या त्या! रुखमाकाकू परडीतले नारळ नीट लावायला लागल्या. सत्यभामाबाईंनी हरभऱ्याच्या पिकाकडे इतकं निरखून बघितलं, की पीकच संकोचलं असावं. थंडीच्या दिवसांत डब्यात हा असा पांढरा रवा कोणत्या तेलाचा होतो, हे स्वयंपाकघरात उभी राहिलेली कोणतीही बाई सांगू शकते. पण जी सांगेल तिने ते कुठे बघितलं, हाही प्रश्न येतो.

"काय झालं असंन वं?" सत्यभामाबाई हवेला उद्देशून म्हणाल्या.

"देव जाणे माय," रुखमाकाकू नारळाला म्हणाल्या. "आपल्याले त्या सायन्समधलं काय समजते?"

गणेशचा फोन आला. "कुठी हाय बे? आजोबा गेटवर खुर्ची टाकून बसले. घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवलं त्यायनं."

"येतोय," प्रसेनजित म्हणाला आणि पुन्हा फिल्टरकडे वळला. "ग्लिसरीन असेल का? ते वेगळं करायला हवं. त्याला दोन तास..."

'दोन तास' हे शब्द ऐकले आणि रुखमाकाकूंचा बांध फुटला. मुलाचं लग्न एका बाजूला आणि घाण्यावरचं करडईचं तेल दुसऱ्या बाजूला, अशी ती तुला होती, आणि आईची बाजू जड झाली.

"अरे, दोन तास कायचे लावतं! उन्हात ठेव ते, नाही तं गरम पाणी ओत वरून! इतलंस तं काम. आमच्या डब्यातलं नाही का सकाळी चुलीपाशी ठेवलं की एका घडीत इरघळत..."

त्या थांबल्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"म्हणजे," सत्यभामाबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या डब्यातलं पण?"

"'पण' म्हणजे?" रुखमाकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "तुमचं तं सूर्यफूल होतं नं, बाई? डॉक्टरचं?"

"डॉक्टरनं सांगितलं होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्या आणलं होतं असं कधी म्हणलं?"

क्षणभर भांडण होईल असं वाटलं. मग रुखमाकाकूंना हसू फुटलं, ते सत्यभामाबाईंना लागलं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून त्या हरभऱ्याच्या कडेला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जनकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हनुवटी जरा वर उचलली आणि शाल सारखी केली.

"आमच्या घरी असं कधी झालं नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचं तेल गोठत नाही."

भाऊराव गुरुजी तुरीच्या शेताकडे बघत होते.

जवळच्या शेतातल्या घरून कडूबाकाका दोन हंडे कढत पाणी घेऊन आले. माणसं ओळखीची नव्हती, पण काकांनी त्यांना तुरीवरच्या अळीबद्दल सल्ला दिला आणि पाणी घेतलं. ते फिल्टरवर, नळीवर, टाकीवर ओतलं. पांढरं तूप विरघळून पुन्हा सोनेरी, स्वच्छ इंधन झालं. जीप दोनदा खोकली आणि चालू लागली. टाकी पुन्हा गार होऊ नये म्हणून रुखमाकाकूंनी साखरपुड्यासाठी जपलेली नवी शाल तिच्याभोवती बांधायला दिली. टाकीला शाल मिळाल्याचं हे त्या भागातलं बहुधा पहिलंच उदाहरण.

उंद्रीला पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आजोबा गेटमध्ये खुर्चीवर ताठ बसलेले, घड्याळ मांडीवर. गणेशचा चेहरा पिठासारखा. सुचिता खिडकीच्या पडद्याआडून बघत होती आणि तो पडदा हलत होता.

"काऊन उशीर झाला?" आजोबांनी विचारलं.

रुखमाकाकूंनी मान खाली घातली. कारण खरं सांगायचं तर व्याह्यांच्या दारात, पाचपन्नास माणसांत, स्वतःच्या डब्यातलं तेल काढून दाखवावं लागणार होतं. सत्यभामाबाईंना एकदम मंडपाच्या कनातीत रस वाटू लागला. आणि प्रसेनजितला त्याच क्षणी कळलं, की त्याच्याजवळ अगदी अचूक उत्तर आहे. त्याचं सूत्र बरोबर होतं! त्याला पुरवलेली माहिती खोटी होती. हे वाक्य त्या हरभऱ्याच्या शेतापासून त्याच्या जिभेच्या टोकावर नाचत होतं. घटकांवरून गुणधर्म काढतात तसे गुणधर्मांवरून घटकही काढता येतात. नुसत्या गोठण्यावरून कोणाच्या फडताळात काय आहे हे तो सांगू शकत होता. इतकी ताकद रसायनशास्त्राने त्याला यापूर्वी कधी दिली नव्हती.

"माझा हिशोब चुकला," प्रसेनजित म्हणाला. "गाडीत मी केलेलं तेल घातलं होतं. ते गोठेल हे मला आधी कळायला हवं होतं. दोष माझा आहे, यांचा कोणाचा नाही."

आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय शिकला?"

"एम.एस्सी. केमिस्ट्री."

"हं." आजोबांनी घड्याळ उचललं आणि मनगटावर बांधलं. "इंजिन बंद पडलं, रस्ता खराब होता, म्हशी आडव्या आल्या, सारं आयकलं म्या आजवर. माह्यं चुकलं असं सांगणारा मानूस पहिल्यांदाच पाह्यला. या, बसा. चहा घ्या. अन् पोरा, परत जाताना साधं डिझेल टाक."

पडदा हलायचा थांबला. गणेशने मंडपात सगळ्यांसमोर प्रसेनजितला मिठी मारली, ती सुचितासाठी राखून ठेवलेल्या उत्साहाने. रुखमाकाकूंनी त्याच्या पानात न विचारता तीन पुरणपोळ्या वाढल्या, आणि त्यावर सोबत आणलेलं तूप ओतताना फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाल्या, "हे तूप साजूक हाय. घरचं. आईची आन."

तरी शास्त्रज्ञाचं मन स्वस्थ बसत नाही. घरी आल्यावर त्याने शेडमधल्या कॅनमध्ये उरलेलं इंधन काचेच्या पेल्यात घेतलं, बर्फात ठेवलं, थर्मामीटर लावून बसला. बारा अंशांना ते गढुळलं. मग त्याने गणित नव्याने मांडलं : काकूंचं तेल पाम, सत्यभामाबाईंचं पाम, आपलं करडईचं, भाडेकरूंचं सोयाबीन. उत्तर आलं आठ. म्हणजे अजून चार अंश कुठून तरी येत होते. भाडेकरूंकडे जाऊन त्याने डबे बघितले, सोयाबीनच होतं. सूत्र पुन्हा तपासलं. थर्मामीटर बदललं. चार अंश जागचे हलेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी थोडं इंधन काढायला तो शेडमध्ये गेला. भाऊराव गुरुजी बंबात तुराट्या घालत होते. बंबाच्या उबेला, विटेवर नीट ठेवलेला, करडईच्या फुलाचा डबा होता.

प्रसेनजित डब्याकडे बघत राहिला. मग वडिलांकडे.

"हळू बोल," गुरुजी म्हणाले. तो काहीच बोलला नव्हता.

"बाबा, हे..."

"पाम हाय. तू अमरावतीले शिकाले गेला तवापासून. डबा तोच ठेवला तिनं." त्यांनी एक तुराटी मोडली. "पहिल्याच हिवाळ्यात गोठलं. पाव्हणे आले होते, अन् तिनं डबा उघडला, अन् झाकला. चेहरा पाह्यला म्या तिचा. तवापासून रोज बंब पेटवला की डबा इथं आणतो. ती उठायच्या आधी परत ठेवतो. तिले वाटते, आपल्या दुकानदाराचं तेलच चांगलं हाय."

प्रसेनजितला त्याचं ऐन पौषातलं ते निरीक्षण आठवलं. निरीक्षणात काही खोट नव्हती. फक्त वर्षानुवर्षं कोणीतरी रोज पहाटे उठून नमुना तापवत होतं.

"पण मग तुम्ही म्हणता ते, करडई ते करडई?"

"चव लागते मले," गुरुजी म्हणाले. त्यांनी धुरामुळे डोळे पुसले. "जा, मागच्या दारानं ठेवून ये. झाकण नीट लाव, तिच्या ध्यानात येते."

सरांना पाठवलेल्या लेखात आकडे अर्ध्या अंशाच्या आत जुळले. तिथे तेलाला घर नसतं. सरांनी कौतुकाचा निरोप पाठवला, घटकांची माहिती इतकी अचूक कशी मिळवली असं विचारून.

घरातला हिशोब मात्र तसाच राहिला. नाश्त्याला जनकाबाईंनी भजी तळली. गुरुजींनी पहिलं भजं तोंडात घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "करडई ते करडई."

"मंग सापडली का रे तुही चूक?" आईने झारा निथळत विचारलं.

"नाही. चार अंश अजून कुठून येतात ते कळत नाही."

"भाडेकरूचं पाह्य. नाही तं रुखमाबाईनं अजून काई लपवलं असंन. आपल्या तेलाचं काही नसंन, हे ध्यानात ठेव."

वडील ताटातल्या भज्याकडे बघत होते, फार लक्षपूर्वक.

"नाही आई," प्रसेनजित म्हणाला आणि दुसरं भजं उचललं. "आपलं तेल गोठत नाही."